वाऱ्याचा ठराव

तरसवाडीच्या माळावर कंपनीची पांढरी जीप आली ती थेट हिंदुरावाच्या मेंढरांत घुसली. ड्रायव्हरनं हॉर्न मारला तशी मेंढरं बिचकली आणि एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून जागच्या जागी गोळा झाली. भ्यालेलं मेंढरू पळत नाही, चिकटतं. हे त्या ड्रायव्हरला कुठून ठाऊक असणार? त्यानं आणखी हॉर्न मारला.

"आरं बाबा, वाजवू नगंस!" हिंदुराव काठी उंच करून ओरडला. "जरा हुबा ऱ्हा. त्येंचं त्येंनला कळंल."

चैत संपत आला होता. माळ तव्यासारखा तापला होता. दक्षिणेला कालव्याच्या अंगाला उसाचा हिरवा पट्टा दिसत होता आणि अलीकडं, जिथं कालव्याचं पाणी कधी चढलंच नाही, तिथं नुसता मुरूम, कुसळं आणि बोराटीची झुडपं. बारामती तालुका तिकडं, इंदापूर इकडं, आणि तरसवाडी दोहोंच्या शिवेवर. ह्या माळावर एकच गोष्ट फुकट आणि पोटभर मिळायची, ती म्हणजे वारं.

जीपमधून विजयसिंह उतरला. कालव्याकडचा बागायतदार, भवानीनगरच्या कारखान्याचा सभासद, दोन जेसीबींचा मालक आणि रस्त्यांचा ठेकेदार. कपडे परीटघडीचे. त्याच्यामागून डोक्याला रुमाल बांधलेली, पायात बूट घातलेली एक तरुण पोरगी उतरली. ही कंपनीची इंजिनियर, स्वरूपा.

"तात्या," विजयसिंह लांबूनच म्हणाला, "पेढं वाटा! पवनचक्क्या येत्यात आपल्या माळावर."

"खरं म्हंतायसा?"

"वारं मोजायचा खांब वरीसभर हुबा होता का न्हाई? पास झालं तुमचं वारं. फस्क्लास आलंय."

हिंदुरावाला हसूच फुटलं. साठी उलटेपर्यंत ह्या वाऱ्यानं त्याच्याकडून नुसतं घेतलंच होतं. डोक्याचं मुंडासं नेलं, वाड्यावरचे पत्रे नेले, एकदा तर पालासकट चूल नेली. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा तेव्हा म्हणायचा, ह्या माळाला वारं सोडलं तर काय पिकत न्हाई. आणि आता हे वारंच पास झालं! त्याला वाटलं, आपलाच पोरगा पास झाला.

"कुठं बसवनार?"

"ही काय, तीन जागा." विजयसिंहानं हात फिरवला. "जागा गायरानाची, सरकारची. पर ठराव गावाचा लागतो. आन सरपंच कोन? तुमची सूनबाई. तुमी व्हय म्हनला की झालं."

"झालंच समजा!" हिंदुरावानं छातीवर हात मारला. "शब्द हाय माझा."

"पण सरपंचांना आधी विचारायला हवं ना?" स्वरूपा म्हणाली.

दोघं पुरुष खळखळून हसले. ती हसली नाही. तिनं खाली वाकून एका कोकराच्या पायातला काटा काढला आणि हात पँटीला पुसले.

हिंदुराव घरी आला तेव्हा सून रोहिणी कुट्टी यंत्रावर कडबा तोडत होती. अंगावर भुस्सा, कपाळावर घाम, पदर कमरेला खोचलेला. दीड वर्षामागं सरपंचपद बाईला सुटलं तेव्हा हिंदुरावानंच तिचा अर्ज भरायला लावला होता. घरात पद येतंय ते का सोडा? पहिले चार महिने ती सांगतील तिथं सही करायची. पुढं माघात युवराजची गोष्ट घडली. युवराज, तिचा नवरा, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. शेतीची लाईट रातपाळीची. रात्रभर गव्हाला पाणी द्यायचं आणि सकाळी ड्युटीवर जायचं. एका सकाळी गाडीवरच डोळा लागला आणि मोटारसायकलीसकट तो भिगवण रस्त्याच्या चरात गेला. खुब्याजवळचं हाड मोडलं. अजूनही तो लंगडत चालायचा. तेव्हापासून रोहिणी विचारल्याशिवाय सही करत नव्हती.

हिंदुरावानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बोलताना त्याचे हात पंख्यासारखे फिरत होते.

रोहिणीनं यंत्राचं चाक थांबवलं. "मामा, शब्द कुनाच्या नावानं दिलासा?"

"कुनाच्या म्हंजी? घराच्या."

"घराच्या नावानं दिला तर घराला इचारायचं. सरपंचाच्या नावानं दिला तर सरपंचाला. माझ्या मनात त्या गायरानावर सोलर बसवायचं हाय. सरकारची योजना हाय, दिवसाची लाईट मिळती शेताला. पंचायत समितीत दोनदा जाऊन आले म्या."

"सोलर!" हिंदुराव भडकला. "काचंची ताटं मांडून काय हुतंय? पवनचक्की बघ, आभाळाला लागती!"

"आभाळाला लागून माझ्या नवऱ्याला रातचं घरी झोपता येनार हाय का?"

चुलीपुढं बसलेल्या गोजरबाईनं भाकरी उलटली आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "आन मेंढरं कुठं चारनार? तुमच्या डोस्क्यावर?"

हिंदुराव त्या दिवशी न जेवता उठला. पारावर जाऊन त्यानं भेटेल त्याला पवनचक्की सांगितली. पण घास नसलेलं पोट आणि सुनेचा प्रश्न दोन्ही त्याला आतून ढुसण्या देत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात स्वरूपा वस्तीवर आली. तिनं बाजेवर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. वारं इतकं, की खड्यांनाही नकाशा आवरेना. शेवटी गोजरबाई एका कोपऱ्यावर तांब्या धरून बसली.

"एक चक्की इथं, देवळामागं. दुसरी ह्या टेकाडावर. आणि मधली इथं."

"हितं तर वगळ हाय, बारका वढाच," रोहिणी म्हणाली. "पावसाचं सगळं पानी हितनं पाझर तलावात जातंय."

"हो. मी कळवलंय वर. जागा सरकवता येईल, नाहीतर वगळता येईल. माझं मत वगळावी असं आहे."

"एका चक्कीला जागा किती लागती, ताई?"

"पाया, क्रेन उभी राहायला मैदान आणि रस्ता. खळ्याच्या आठ-दहा पट धरा."

"मग कंपनी आख्खं गायरान का मागतीया?"

स्वरूपानं सरकलेला खडा नकाशावर नीट ठेवला. मग म्हणाली, "तो निर्णय माझा नाही. उद्या आणखी चक्क्या लावायच्या झाल्या तर जागा हाताशी असावी, म्हणून. एकदा करार झाला की तीस वर्षं त्या जमिनीवर दुसरं काही करता येणार नाही."

"आन वारं? बारा म्हैनं सारखंच?"

"नाही. आषाढ-श्रावणात भरपूर. उन्हाळ्यात दुपारी कमी."

"आमाला पानी लागतं उन्हाळ्यात."

"तेव्हा सूर्य असतो," स्वरूपा म्हणाली आणि दोघी एकमेकींकडं बघून एकदम हसल्या. हिंदुरावाला ते हसणं बोचलं. त्याच्या चक्कीला कुणीतरी नावं ठेवल्यासारखं त्याला वाटलं.

"तुमी काय बघितलंय?" तो म्हणाला. "नकाशात बघून चक्की कळती व्हय?"

"खरं आहे तात्या," स्वरूपा म्हणाली. "साताऱ्याच्या वरच्या पठारावर आहेत. गावानं जाऊन बघावं. मी येते बरोबर."

आणि गाव निघालं! पिकअपमध्ये सतरंज्या टाकल्या. बायकांनी धपाटी, ठेचा, कांदे बांधून घेतले. विजयसिंह आपल्या गाडीतून पुढं. हिंदुरावानं ठेवणीतलं धोतर काढलं, लाल मुंडासं बांधलं. नवरदेवाचा बाप जसा वऱ्हाडात पुढं बसतो तसा तो ड्रायव्हरशेजारी बसला. घाट चढताना पहिली चक्की दिसली आणि पिकअपमध्ये असा गिल्ला उठला की ड्रायव्हरनं ब्रेकच दाबला.

"ती बघा! ती बघा, आणखीन एक!"

"आगं बया, किती त्या!"

पठारावर उतरल्यावर हिंदुराव कुणासाठी थांबला नाही. दगडधोंड्यांतून धोतर सावरत तो सरळ एका चक्कीच्या बुडाशी गेला. मान मागं, आणखी मागं, मुंडासं पडलं तरी त्याचं लक्ष नाही. पातं वरून खाली येताना हुऽऽप असा आवाज व्हायचा आणि त्याची सावली माणसांवरून, गवतावरून, दगडांवरून झरकन निघून जायची. लोक सावली आली की मान खाली घालत होते आणि हसत होते. हिंदुरावानं दोन्ही तळवे त्या लोखंडी खांबावर टेकवले. आत काहीतरी घुमत होतं. गाभण म्हशीच्या पोटावर हात ठेवल्यावर लागतं तसं.

"गोजरे!" तो चारचौघांत बायकोला नावानं ओरडला. "हिकडं ये! हात लाव! जित्ती हाय ही!"

गोजरबाई लाजली, पण आली. तिनं हात लावला आणि चटकन काढून घेतला. मग पुन्हा लावला. "खरंच की वो," ती म्हणाली.

उतारावर एक धनगर मेंढरं चारत होता. चक्कीच्या खांबाला पाठ लावून तो तंबाखू मळत होता आणि मेंढरं बिनघोर पायाच्या काँक्रीटवर चढून बसली होती. हिंदुरावाचं मन आणखीच फुललं. बघ म्हणावं सुनेला! त्यानं मुंडासं उचललं आणि धनगराशेजारी जाऊन बसला.

"बरं हाय म्हना तुमचं. चक्की बी आन चराई बी."

"हितं हाय," तो म्हणाला. "ह्या कंपनीनं नुसता पाया घेतला. तिकडं पल्याड बघा."

हिंदुरावानं पल्याड बघितलं. टेकाडाच्या कडेनं तारेचं कुंपण गेलं होतं. आत गवत गुडघाभर, पिवळं, उभ्या उभ्या वाळलेलं. कुंपणाच्या बाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला, एक म्हातारी बाई आठ-दहा मेंढरं घेऊन चालली होती. एक कोकरू तारेतून आत मुंडी घालत होतं आणि ती त्याला ओढून काढत होती. कोकराच्या गळ्याला रक्त होतं.

"त्या कंपनीला आख्खं गायरान लिहून दिलं गावानं," धनगर म्हणाला. "चक्की दोनच बसली. गवत आत वाळतंय, मेंढरं भायेर फिरत्यात. कोन इचारनार? ठराव आपलाच हाय."

हिंदुराव उठून कुंपणापर्यंत गेला. धपाटं त्याच्या हातात तसंच राहिलं. येताना तो ड्रायव्हरशेजारी न बसता मागं, सतरंजीवर बसला. सगळी पिकअप गाणी म्हणत होती. रोहिणी टाळ्या वाजवत होती, तिच्या डोळ्यांत लहान पोरीसारखी चमक होती. घाट उतरल्यावर हिंदुरावानं तिला हळूच विचारलं, "दोनी जमतील का गं एका माळावर? चक्की बी आन तुजी काचंची ताटं बी?"

"जागा मापातच दिली तर जमतील, मामा. उत्तरंच्या उतारावर सोलर. वर चक्क्या. मधी मेंढरं."

"मग म्या दिल्याला शब्द?"

रोहिणीनं त्याच्याकडं बघितलं. "त्येचं तुमी बघा," ती म्हणाली.

ग्रामसभा बिरोबाच्या देवळापुढच्या मांडवात भरली. आदल्या दिवशी बायकांची सभा होऊन गेली होती आणि त्यात काय ठरलं ते पाण्याच्या टाकीवर, दळणाच्या गिरणीत, सगळीकडं पोचलं होतं. त्यामुळं मांडव सकाळीच भरला. जागा पुरेना तशी पोरं पिंपळाच्या पारावर चढली. कंपनीचा साहेब खुर्चीवर, शेजारी स्वरूपा, मधे रोहिणी. तिचा आवाज पहिल्या वाक्याला थरथरला, दुसऱ्याला बसला, तिसऱ्याला लागला.

"कंपनीला चक्की बसवायला गावाची ना न्हाई. पर जागा पायापुरती आन रस्त्यापुरती. वगळीतली चक्की नगं. कुंपान नगं. उत्तरंचा उतार सोलरला राखून ठेवायचा."

गलका उठला. एकजण म्हणाला, पवनचक्कीनं ढग पळत्यात. दुसरा म्हणाला, तुझ्या बापानं ढग बघितलं हुतं का ह्या माळावर? म्हातारा गोकुळ पाटील उठला आणि म्हणाला, "चक्की नगं आन ताटं बी नगं. कारखान्यात उसाच्या चिपाडावर लाईट करत्यातच की. ऊस लावा!" त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, पानी तुमी आनताय व्हय?" आणि सगळा मांडव हसला.

विजयसिंह उठला तसा गलका थांबला. त्यानं खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"ही कंपनी आपल्या दारात आलीया. अटी घातल्या तर शेजारच्या गावात जाईल. रस्ता जाईल, पोरांची कामं जातील. आन मंडळी, ह्या घरानं मला शब्द दिलाय. तात्या, उठा. चारचौघांत सांगा. माळावर छातीवर हात मारून काय बोललासा?"

सगळ्या माना वळल्या. हिंदुराव खांबाला टेकून बसला होता. तो उठला. गुडघे कडकडले. हिंदुरावही धनगरच, आणि धनगराचा शब्द म्हणजे काय, हे त्या मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याच्या बापानं शब्दापायी भर पावसात परक्याची मेंढरं घाटापल्याड पोचवली होती. गोजरबाईनं बायकांच्या गर्दीत मान खाली घातली.

"दिलावता," तो म्हणाला. "शब्द दिलावता. खोटं कशाला बोलू?"

विजयसिंहानं साहेबाकडं बघून मान हलवली.

"पर ती वस्तू माझी नव्हती," हिंदुराव म्हणाला. "दुसऱ्याच्या दावनीचं जनावर म्या तुमाला इकलं, विजयसिंहदादा. माळ गावाचा, सही हिची. म्या मधीच मोठेपना केला. आज सगळ्या गावापुढं शब्द माघारी घेतो. कुनाला थुकायचं आसंल त्येनं थुकावं."

वाऱ्यानं मांडवाचं कापड फडाफडा वाजत होतं.

"आन चक्की नगं म्हनत न्हाई म्या," तो एकदम जोरात बोलला. "चक्की पायजेच! म्या हात लावून आलोय. जित्ती हाय ती! पर ती मेंढरं तारंभायेर फिरत्याली बी बघून आलोय. सरपंच म्हनत्यात तसं करा."

'सरपंच' हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. रोहिणीनं झटकन दुसरीकडं पाहिलं.

हात वर करून मत घेतलं. आधी बायकांचे हात गेले, बांगड्यांचा खळ्ळकन आवाज झाला. मग लंगडत उठून युवराजनं हात वर केला. मग पुरुषांमधले इकडं एक, तिकडं दोन, मग धडाधडा. पारावरच्या पोरांनीही दोन्ही हात वर केले, त्यांना दटावून खाली घ्यायला लावले. ग्रामसेवकानं दोनदा मोजलं. ठराव झाला.

"वर विचारावं लागेल," साहेब घड्याळ बघत म्हणाला आणि जीप निघून गेली.

मग नुसती वाट बघणं. पाऊस झाला, बाजरी निसवली, कंपनीचा माणूस फिरकला नाही. पारावर लोक हिंदुरावाला ऐकू जाईल असं बोलायचे, "चक्की गेली शेजारच्या गावाला, तात्यांनी घालवली." विजयसिंह रस्त्यात भेटला तर गाडीची काच वर करायचा. हिंदुराव मेंढरं घेऊन माळावर जायचा आणि रिकाम्या आभाळाकडं बघत राहायचा. एका सकाळी मात्र रोहिणी पंचायतीतून धावत आली, खरोखर धावत, एक चप्पल हातात.

"मामा! आल्या! दोन चक्क्या! आपल्या अटीवर!"

हिंदुराव धारा काढत होता. तो असा उठला की चरवी लवंडली. गोजरबाई दुधाकडं बघून ओरडायला गेली आणि हसतच सुटली.

दिवाळीनंतर मुरमाचा रस्ता झाला. ठेका विजयसिंहालाच मिळाला. उत्तरेच्या उतारावर सोलरचे खांब रोवायला दुसरी माणसं आली. आणि मार्गशीर्षात, एका सोमवारी, पहिलं पातं आलं.

ते येणार हे कळल्यापासून शाळा सुटल्यातच जमा होती. लांबून आधी नुसता धुरळा दिसला. मग ट्रेलरचं तोंड, मग पांढरं, लांबलचक, न संपणारं काहीतरी. तोंड बिरोबाच्या देवळाशी आलं तरी शेपूट शाळेजवळच होतं. बायकांनी नारळ, हळदीकुंकू आणलं. हलगी वाजायला लागली. म्हातारी माणसं घोंगड्या टाकून बांधावर बसली.

आणि हिंदुरावाच्या वस्तीच्या वळणावर ट्रेलर अडला.

ड्रायव्हरनं पुढं घेतला, मागं घेतला. मागची चाकं मुरमात रुतायला लागली. पात्याचं टोक हिंदुरावाच्या वाड्यावर, मेंढरं कोंडायच्या दगडी भिंतीवर, हातभर अंतरावर येऊन लोंबत होतं. विजयसिंह गाडीतून उतरला, वळणाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. वळणाचं माप त्याचंच चुकलं होतं, भिंत काढल्याशिवाय मागची चाकं वळणार नव्हती. ते सगळ्यांना दिसत होतं. तो हिंदुरावापुढं आला. ग्रामसभेनंतर पहिल्यांदाच.

"तात्या," तो म्हणाला आणि थांबला. "भिंत जरा... म्हंजी तुमची हरकत नसंल तर..."

हिंदुराव त्याच्याकडं बघत राहिला. बापानं रचलेली भिंत. प्रत्येक दगड पाठीवरून आणलेला. सगळं गाव बघत होतं. हलगीही थांबली होती.

"पहार आन गं," तो गोजरबाईला म्हणाला.

पहिला दगड त्यानंच काढला. दुसऱ्याला युवराज आला. मग विजयसिंहानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सारल्या आणि परीटघडीच्या कपड्यांनिशी दगडाला हात घातला. मग कुणी थांबलंच नाही. बायकांनी ओळ धरली, हातातून हातात दगड जायला लागले. स्वरूपा त्या ओळीत मधेच शिरली. धुरळ्यानं सगळ्यांची तोंडं एका रंगाची झाली. भिंत पडली तशी मेंढरं खिंडारातून बाहेर उधळली, ट्रेलरच्या चाकांमधून, पोरांच्या पायांतून, आणि पोरं त्यांच्यामागं किंचाळत पळाली.

"चला! चला! येऊ द्या!" रोहिणी ट्रेलरपुढं उलटी चालत ड्रायव्हरला हातवारे करत होती. पदर सुटलेला, केसांत माती. "डाव्या अंगाला! आनखी! हां, आता हळू!"

पातं हललं. घराच्या छपरावरून, गोजरबाईच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवरून, ते पांढरं टोक सावकाश, एवढ्याशाही आवाजाशिवाय, सरकू लागलं. हिंदुराव खाली उभा राहून आ वासून वर बघत होता. हात वर केला असता तर लागलं असतं. त्यानं हात वर केला.

"मामा!" रोहिणी जिवाच्या आकांतानं ओरडली. "मागं व्हा! आधी मागं व्हा!"

सगळ्या गावादेखत सून सासऱ्यावर ओरडली होती. हिंदुरावानं हात खाली घेतला.

"व्हय, सरपंच," तो म्हणाला, आणि दगडांच्या ढिगावरून पाय काढत, हसत, मागं झाला.